दोन बोटं पुढे

गाडी डावीकडे ओढायची आणि सून तिला उजवीकडे ओढायची. आठ दिवस दोघींची ही झटापट चालली होती. खाणीचा रस्ता अरुंद. भरून निघालं की उजव्या हाताला कापलेला कातळ आणि डाव्या हाताला दरी. त्या उतारावर स्टेअरिंग पाव वळसा उजवीकडे दाबून धरलं तरच ट्रक सरळ जायचा. संध्याकाळी केबिनमधून उतरेपर्यंत तिचा उजवा खांदा पेटलेला असायचा. जेवताना हात तोंडापर्यंत जायचा नाही. सासऱ्याच्या ध्यानात येऊ नये म्हणून ती भिंतीकडे तोंड करून बसायची आणि पाण्याचं भांडं डाव्या हातानं उचलायची.

सासऱ्यानं चाळीस वर्षं ट्रक चालवला होता. आता कंबर गेली, पण तोंड शाबूत होतं. मागच्या चाकांवरचे नवे पाटे, म्हणजे भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, त्यानंच बसवले होते. जुने पाटे खाणीच्या खड्ड्यांनी मारून टाकले, म्हणून दोन-दोन पानं जास्तीची असलेले जाड पाटे आणले. अंगणात लाकडी ठोकळ्यांवर गाडी चढवली आणि दोन दिवस म्हातारा तिच्या पोटाखाली उताणा पडून राहिला. गॅरेजवाल्याला अंगणात पाऊल टाकू दिलं नाही.

"माझ्या गाडीखाली परका माणूस शिरणार नाही," तो म्हणाला होता. "मी मेल्यावर हवा त्याला घाला."

सून जॅक मारत होती, पहार दाबून धरत होती, पाने हातात देत होती. आणि धूत होती. या घराचा कायदाच होता तसा, धुतल्याशिवाय गाडीला काही लावायचं नाही. कोरा नट असला तरी डिझेलच्या घमेल्यातून काढायचा, फडक्यानं पुसायचा, मगच बसवायचा. शेजारीपाजारी हसायचे. हसोत. तिनं नव्या पाट्यांवरचं चिकट तेल, दुकानाचे डाग, रंगाचे शिंतोडे, सगळं तारेच्या ब्रशनं खरवडून काढलं होतं. पाटे असे लखलखत होते की म्हाताऱ्यानं त्यांच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "वा! आता कसं घरचं वाटतंय."

आणि तेव्हापासून गाडी डावीकडे ओढत होती.

बुधवारी खाणीच्या फाटकावर कारकुनानं सगळ्या ड्रायव्हरांना बोलावलं. कारकून म्हणजे खाणीचा मालक नव्हे, पण मालक कधी कोणाला दिसत नसल्यामुळे तोच मालकासारखा बसायचा.

"पुलाचं काम सुरू होतंय. दगड वाहायला सोमवारी नंबर लागतील. ज्यांनी पाटे बदललेत त्यांनी अलाइनमेंटचा, चाकं सरळ असल्याचा, कागद आणायचा. कागद नाही तर नंबर नाही."

"कुठल्या दुकानाचा कागद?" सुनेनं विचारलं.

"कुठल्याही. हायवेवरच्या मोठ्या दुकानाचा असला तर मला वाचायला सोपा जातो."

ते मोठं दुकान कारकुनाच्या मेहुण्याचं आहे हे खाणीतल्या दगडांनाही ठाऊक होतं. मागून कोणीतरी पुटपुटलं, "मेहुण्याचं अक्षर सुंदर असेल." चारदोन जण खाली बघून हसले. मोठ्यानं हसायची हिंमत कोणात नव्हती, कारण नंबर सगळ्यांनाच पाहिजे होता.

परत जाताना तिच्या मागे भोंग्याची गाडी होती. या ड्रायव्हरचा आवाज हॉर्नपेक्षा मोठा, म्हणून सगळे त्याला भोंगा म्हणत. उतार संपल्यावर तो गाडी शेजारी घेऊन ओरडला, "बाई, तुमची गाडी कुत्र्यासारखी चालते हो! तोंड एकीकडे, शेपूट एकीकडे!"

"तुमचं सगळंच एकीकडे आहे, त्याचं काय?" ती म्हणाली. तो खदाखदा हसला आणि पुढे गेला. ती रागानं धुमसत राहिली. तो खरं बोलला होता हे तिला दुसऱ्या दिवशी कळायचं होतं.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. नवरा तीन वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या ट्रकवर दूर गेलेला. वर्षातून दोनदा घरी यायचा आणि बाकीचं वर्षभर फोनवरून सल्ले द्यायचा.

"मोठ्या दुकानात जा, कागद घे, विषय संपव," तो म्हणाला.

"आणि गाडी?"

"गाडीचं काय? नंबर लागला तर चालव. नाही लागला तर विकून टाकू. मी आधीपासून सांगतोय. तू आणि बाबा इकडे या. एक खोली आहे, पुरेल."

एक खोली. तीन वर्षं ती एकटीनं ट्रक चालवत होती. पहिल्या वर्षी फाटकावरचे लोक तिला बघून "ड्रायव्हर कुठाय?" असं विचारायचे. आता विचारत नव्हते. गाडी विकली तर त्या एका खोलीत बसून पुन्हा तेच ऐकायचं, की ही कोण, आणि हिचा माणूस कुठाय.

"ठेवते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

*

गुरुवारी सकाळी रिकामी गाडी घेऊन ती हायवेवर गेली. दुकान काचेचं. आत गार हवा, मऊ खुर्च्या, भिंतीवर मोठा पडदा, त्यावर हिरव्या-लाल रेघा. मेहुणा पांढरे हातमोजे घालून बाहेर आला. हातमोज्यांवर एक डाग नव्हता.

"ड्रायव्हरला पाठवा आत."

"आलीय आत."

त्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं. बसा, चहा घ्या. पंधरा मिनिटांत मोकळं करतो."

"आधी इकडे या." तिनं त्याला पुढच्या डाव्या चाकापाशी नेलं. टायर आठ दिवसांपूर्वी घातलेला, कोरा. "यावरून हात फिरवा आणि काय लागतं ते सांगा."

टायरवर आतून बाहेर हात फिरवला तर मऊ लागायचं. बाहेरून आत फिरवला तर करवतीवरून फिरवल्यासारखं. तळहात असलेल्या कोणालाही ते कळलं असतं. मेहुण्यानं हातमोज्याचं एक बोट टेकवलं. "टायर जुना झालाय. बदला. आमच्याकडे आहेत."

"आठ दिवसांचा आहे."

"मग चांगला आहे."

"मागचा धुरा बघणार का? नवे पाटे बसवलेत."

"बाई," तो हसला. लहान पोरांशी बोलताना हसतात तसा. "अलाइनमेंट पुढच्या चाकांचं करतात. मागची चाकं वळतात का? नाही ना? मग?"

ती पडद्याशेजारी लावलेल्या कागदांच्या गठ्ठ्याकडे बघत होती. छापलेले, शिक्का मारलेले कागद. फक्त गाडीचा नंबर घालायचा बाकी.

मेहुण्यानं तिची नजर ओळखली आणि आवाज खाली आणला. "भाऊजींच्या खाणीवर ना तुम्ही? मग कशाला वेळ घालवता? नंबर सांगा, कागद घेऊन जा. गाडी आत आणायचीसुद्धा गरज नाही. काल सहा जण तसेच गेले."

खोटं कशाला बोलायचं, तिचा पाय अडखळला. कागद हाताच्या अंतरावर होता. तो घेतला असता तर सोमवारी नंबर, आणि सबंध हंगाम काम. खांदा काय, दुखता दुखता सवय झाली असती.

मग तिला उतार आठवला. पावसाची एक सर पडून गेलेला ओला उतार, भरलेली गाडी, आणि स्टेअरिंगवरून घामेजलेला हात एकदाच निसटला तर. दरीत पडताना कागद काय उपयोगाला येणार होता? वारा घालायला?

"चहा राहू द्या," ती म्हणाली आणि गाडीत चढली.

चौकात टायरवाला होता, दुकानभर टायरांच्या उतरंडी. तो बरा निघाला, निदान त्यानं उघड्या हातानं टायर चाचपला. "खातोय वहिनी. आतून बाहेर खातोय. पुढच्या चाकांचा टाय रॉड दोन आटे फिरवतो, ओढणं बंद."

"का ओढतेय ते न बघता?"

"ओढणं बंद झाल्यावर का ते कशाला पाहिजे?" तो तोंडातली काडी चावत म्हणाला. "डोकं दुखलं की गोळी घेता ना? डोकं उघडून बघता का? आणि पाटे कोणी बसवले? सासऱ्यानं? अहो, म्हाताऱ्या माणसांना अंगणात फुलझाडं लावायला सांगायची."

शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर कदाचित ती थांबली असती. थांबली नाही ते बरंच झालं.

*

तिसरं दुकान कोणी सुचवलं नव्हतं. भंगाराच्या आवारामागे एक पत्र्याची शेड होती, आत एक माणूस, ज्याला सगळे तिरळ्या म्हणत. दोन डोळे दोन दिशांना, आणि धंदा चाकं सरळ करण्याचा. यावर इतके विनोद होऊन गेले होते की आता कोणी नवा करत नव्हतं. लोक त्याच्याकडे फारसे जातही नव्हते, कारण तो कोणाला बसायला सांगायचा नाही आणि कोणाला बरं वाटेल असं बोलायचा नाही.

ती गाडी आत घेत होती तेव्हा तो दारात उभा राहून बघत होता. नक्की कुठे बघतोय ते कळत नव्हतं.

"थांब," तो म्हणाला. "मागे घे. पुन्हा ये."

तिनं मागे घेतली, पुन्हा आली.

"उतर. पुढची चाकं नंतर. गाडी तिरकी चालतेय. ढुंगण उजवीकडे टाकतेय."

कालचा भोंगा तिच्या कानात वाजला.

तिरळ्यानं हात लावायच्या आधी टायरच चाचपले, सहाच्या सहा, दोन्ही बाजूंनी, पूर्ण तळहातानं. मग खिळ्याला टांगलेली दोरी काढली आणि तिचं एक टोक सुनेच्या हातात दिलं. "मागच्या चाकाच्या कडेला लावून धर. ताणून. हलू नको."

ती गुडघ्यावर बसली. शेडच्या जमिनीवर तेल, खडी, लोखंडाचा कीस. सगळं गुडघ्यात रुतत होतं. त्यानं दुसऱ्या टोकाला जाऊन दोरी पुढच्या चाकापर्यंत ताणली. मग दुसऱ्या बाजूनं तसंच. मग ओळंबा सोडून जमिनीवर खडूनं खुणा केल्या. भिंतीपाशी कापडाखाली एक मशीन झाकून ठेवलेलं होतं.

"ते नाही वापरत?" तिनं विचारलं.

"वापरतो. शेवटी. आधी वापरलं तर ते पुढची चाकं सरळ आहेत म्हणेल आणि मलाही ते खरं वाटेल."

"आणि डोळ्यांनी...?" ती बोलून गेली आणि जीभ चावली.

तो उठला. रागावला नाही. "डोळ्यांवर विसंबलो असतो तर या गावात एक गाडी सरळ चालली नसती. माझे डोळे कसे आहेत ते मला माहीत आहे, म्हणून दोरी लावतो. ज्यांना आपले डोळे चांगले वाटतात ते दोरी लावत नाहीत. इकडे ये."

तो गाडीखाली शिरला. तीही शिरली. त्यानं एक लाकडी काठी घेतली, तिचं टोक उजव्या पाट्याच्या पुढच्या पिनेला टेकवलं आणि पाटा मधे जिथे धुऱ्याला आवळला होता त्या बोल्टापाशी चाकूनं काठीवर खाच पाडली. मग तीच काठी डावीकडे लावली. बोल्ट खाचेपाशी आला नाही. खाचेच्या दोन बोटं पुढे होता.

"हा पाटा मधोमध नसतो," तो म्हणाला. "पुढची बाजू लांब, मागची आखूड. डावा पाटा उलटा बसलाय. म्हणून धुऱ्याचं डावं टोक पुढे आलंय. आता पुढची चाकं कितीही फिरव, ही गाडी खेकड्यासारखीच चालणार. कोणी बसवले?"

"घरी," ती म्हणाली.

"घरी कोणी?"

"सासऱ्यांनी. आणि मी."

"पुढच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. नव्या पाट्यांवर. आंधळ्यालाही दिसेल एवढा. नव्हता का?"

ती गाडीखाली उताणी पडून होती. डोळ्यांसमोर तो लखलखीत पाटा. तारेचा ब्रश. डिझेलचं घमेलं. आणि घमेल्यात उतरलेला पिवळा रंग. तिला तेव्हा वाटलं होतं, दुकानदाराच्या पोरानं भिंत रंगवताना शिंतोडे उडवले. दोन्ही पाट्यांवरचे घासून काढले होते तिनं. एक नशिबानं बरोबर बसला.

येताना वाटेत ती मनात म्हाताऱ्याला शिव्या घालत होती. आता कोणाला घालायच्या?

"उलटून द्याल का तुम्ही?" तिनं विचारलं.

"देईन. दोन तासांचं काम."

इथे उलटून घेतला असता तर घरी कोणाला काही कळलं नसतं. ना तिची चूक, ना त्याची. पण पुढच्या वेळी म्हातारा पुन्हा गाडीखाली शिरला असता, पुन्हा म्हणाला असता, बरोबर आहे, बस. आणि तो बघत कसा नाही, इतका मोठा पाटा उलटा कसा बसवतो, हा प्रश्न तसाच राहिला असता.

"नको," ती म्हणाली. "ज्यांनी बसवलाय तेच काढतील. ती काठी द्या."

तिरळ्यानं काठी दिली. "उलटून झाल्यावर गाडी भरून दोन खेपा मार. नवे पाटे बसतील, त्यांना आवळणारे यू-बोल्ट ढिले होतील, ते आवळ आणि मग भरलेलीच आण. रिकामी गाडी मी मोजत नाही. रिकामी चालवतेस का तू?"

हायवेवरच्यानं हे विचारलं नव्हतं.

*

म्हातारा अंगणात स्टुलावर बसला होता. गाडी आत आली तसा उठला. "झालं? सरळ?"

"नाही. मामंजी, डावा पाटा उलटा बसलाय."

त्याचं तोंड आवळलं. "कोण म्हणतं?"

"तिरळ्या."

"तो?" म्हातारा ओरडला. "त्याला स्वतःचं नाक दिसत नाही सरळ, आणि तो माझे पाटे बघणार? चाळीस वर्षं..."

"ठिपका मी पुसला," ती मधेच म्हणाली. मोठ्यानं. नाही तर ते चाळीस वर्षांचं पुराण अंधार पडेपर्यंत चाललं असतं. "पिवळा ठिपका असतो पुढच्या टोकाला. डाग वाटला मला. ब्रशनं काढला. चूक माझी आहे."

म्हातारा थांबला. तिनं काठी त्याच्या हातात दिली. "इथे खाच आहे. अंगठा लावून बघा. आधी उजवीकडे."

तो खाली बसला, कण्हत आडवा झाला आणि गाडीखाली सरकला. ती त्याच्या शेजारी सरकली. त्यानं काठी उजव्या पिनेला टेकवली. बोटं काठीवरून सरकत खाचेपर्यंत गेली, अंगठा पलीकडे गेला आणि बोल्टावर टेकला. बरोबर. मग डावीकडे. बोटं खाचेपाशी आली. अंगठा बोल्ट शोधत राहिला. सापडला तो अलीकडे, दोन बोटं पुढे.

त्यानं पुन्हा लावून पाहिलं. तिसऱ्यांदाही.

तिच्या लक्षात आलं की तो एकदाही काठीकडे बघत नव्हता. बोल्टाकडेही नाही. डोळे उघडे होते, पण काम सगळं अंगठा करत होता.

"ठिपका तू पुसला नसतास," म्हातारा गाडीच्या पोटाकडे तोंड करून म्हणाला, "तरी मला दिसला असता असं कोणी सांगितलं तुला?"

तिनं मान वळवून त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं.

"वर्ष झालं. उजव्या डोळ्यात दूध सांडल्यासारखं आहे. डाव्यानं भागवतो. त्या दिवशी इथे खाली नुसता काळोख होता मला. लांब बाजू, आखूड बाजू, सगळं सारखंच. तुला विचारायला पाहिजे होतं. विचारलं असतं तर तू माझ्या हातातला पाना काढून घेतला असतास."

"घेतला असता," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? आता नाही घेत. काठी आहे ना. आणि डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचंय. सोमवारनंतर. नाही म्हणालात तर ट्रकला बांधून नेईन."

म्हातारा हसला की खोकला ते कळलं नाही. "जॅक आण," तो म्हणाला. "नुसती पडून राहिलीस. दिवस मावळेल."

ठोकळे लावले. यू-बोल्ट सोडताना तिच्या खांद्यातून कळ गेली आणि तिनं ती तोंडातच दाबली. पाटा उतरवला तेव्हा दोघांच्या अंगावर तो एखाद्या मेलेल्या जनावरासारखा आला. फिरवायला पाऊण तास गेला. ती पहारीवर लोंबकळत होती आणि म्हातारा खालून ओरडत होता, "अजून! अजून थोडं! जेवलीस की नाही सकाळी?" बोल्ट आवळायच्या आधी त्यानं काठी लावली. उजवीकडे अंगठा. डावीकडे अंगठा. मग म्हणाला, "तू पण बघ. डोळ्यांनी."

तिनं पाहिलं. खाच आणि बोल्ट समोरासमोर.

शुक्रवारी तिनं क्रशरमागची माती भरून दोन खेपा मारल्या. सगळे यू-बोल्ट अर्धा-अर्धा आटा ढिले झाले होते, ते आवळले. शनिवारी भरलेली गाडी तिरळ्याकडे. या वेळी म्हातारा बरोबर होता. ज्यांना धड दिसत नाही असे दोन पुरुष दोरीची दोन टोकं धरून एकमेकांवर खेकसत होते, "ताण की!" "तूच ताण!" दोरीनंतर तिरळ्यानं मशीनवरचं कापड काढलं, पुढची चाकं जुळवली, आणि कागद मागितला तेव्हा ट्यूबच्या खोक्याचा एक पुठ्ठा फाडून त्यावर खडबडीत अक्षरात मापं लिहून दिली. शिक्का नव्हताच. त्यानं ग्रीस लागलेला अंगठा उमटवला.

*

सोमवारी कारकुनानं तो पुठ्ठा दोन बोटांत धरला. "हे काय आहे?"

"अलाइनमेंटचा कागद."

"हा कागद आहे? याला खोकं म्हणतात. शिक्का कुठाय? मोठ्या दुकानाचा आणायला सांगितला होता."

"कुठल्याही दुकानाचा, असं म्हणाला होतात. सगळ्यांसमोर."

मागे तीस-बत्तीस गाड्या उभ्या होत्या. ड्रायव्हर खाली उतरून जमले. कारकुनानं पुठ्ठा टेबलावर टाकला. "पुढचा."

ती बाजूला झाली नाही. फाटकासमोर दगडाची पांढरी भुकटी घोट्याएवढी साचलेली असायची. धूळ बसावी म्हणून नुकतंच टँकरनं पाणी मारलं होतं. भुकटी ओली, गुळगुळीत पसरली होती. एकही चाक त्यावरून गेलेलं नव्हतं.

"कागद राहू द्या," ती म्हणाली. "जमिनीला विचारा."

ती गाडीत चढली, म्हातारा आधीच केबिनमध्ये बसलेला होता. तिनं त्या ओल्या भुकटीवरून गाडी सरळ पलीकडे नेली आणि उतरली. जमिनीवर दोनच पट्टे उठले होते. पुढच्या चाकांच्या मागावर मागची जोडचाकं गेली होती, रुंदीमुळे दोन्ही बाजूंना सारखीच बाहेर, बोटभरही इकडेतिकडे नाही.

"आता कागदवाली एक गाडी काढा," ती म्हणाली. "शिक्केवाली. कोणाची?"

कोणी पुढे येईना. मग भोंगा पुढे आला. "काढतो. माझ्याकडे आहे शिक्का. गाडी न दाखवता मिळालेला." हे तो त्याच्या नेहमीच्या आवाजात बोलला, म्हणजे वजनकाट्यापर्यंत ऐकू गेलं.

त्याची गाडी तिच्या शेजारून गेली. मागं उरलेले पट्टे बघायला सगळे वाकले. उजवीकडे मागची चाकं पुढच्यांच्या मागावरून हातभर बाहेर सरकली होती, डावीकडे तेवढीच आत.

"अरे तिच्यायला," भोंगा खाली उतरून म्हणाला. "कुत्रं तर माझं निघालं."

हशा उसळला. या वेळी कोणी खाली बघून हसलं नाही. मागून एक जण म्हणाला, "माझी पण काढून बघू का?" दुसरा म्हणाला, "उतारावर जाण्याआधी सगळ्यांच्याच काढा." तिसऱ्यानं इंजिन सुरूसुद्धा केलं.

कारकून उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते. तीस गाड्यांचे पट्टे फाटकासमोर उमटले तर दुपारपर्यंत न दिसणारा मालकसुद्धा दिसायला लागला असता. त्यानं खाली बसून वही ओढली, घाईघाईनं काहीतरी खरडलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "शेवटचा नंबर मिळेल. घ्यायचा तर घ्या."

"घेतला," ती म्हणाली. "पुठ्ठा द्या माझा. अजून लागेल तो."

त्यानं पुठ्ठा उचलून दिला. द्यावा लागला.

शेवटचा नंबर म्हणजे उन्हात चार तास. ती थांबली. सगळ्या गाड्या भरून झाल्यावर तिची भरली आणि ती उताराला लागली. म्हातारा शेजारी बसला होता, गुडघ्यांमध्ये काठी, अंगठा खाचेवर. उजवीकडे कातळ, डावीकडे दरी. आठ दिवसांच्या सवयीनं तिचा उजवा खांदा आपोआप ओढायला तयार झाला. ओढायला काही नव्हतं. स्टेअरिंग मधे उभं होतं. तिनं एकेक करून बोटं सैल सोडली, मग तळहात वर उचलले, अर्धा इंच. गाडी आपल्या वाटेनं चालत राहिली. दरी डावीकडेच राहिली.

"दोन्ही हात ठेव," म्हातारा म्हणाला.

"तुम्हाला कुठे दिसलं?"

"चाळीस वर्षं चालवलीय," तो म्हणाला. "ठेव म्हणतो ना."

तिनं हात ठेवले.